डब्यावरचं 'ब्लेंड'

बारामतीला छोट्या आगगाडीत बसताना आबांनी, माझ्या वडिलांनी, एवढंच सांगितलं, "तात्याचा शबूद मोडू नगंस." तात्या माझे धाकटे चुलते. पुण्यात त्यांचं तुपाचं दुकान होतं आणि निरवांगी या आमच्या गावातलं घरचं नि शेजारपाजारचं तूप तेच नेत. मला जुजबी इंग्रजी लिहिता येई, म्हणून साल चौतीसच्या सुमारास त्यांनी मला बोलावून घेतलं.

डब्यांवर रंगानं लिहायचं काम होतं. वर मराठीत 'निरवांगीचं तूप', खाली बारीक इंग्रजीत 'ब्लेंड'.

"म्हणजे काय, तात्या?"

"एकजीव करनं. साऱ्या घरांचं तूप आपन एकजीव करतो."

शब्द मला फार आवडला. आईला पत्र धाडलं, तुझं नि शेजारच्या अमिनाचाचीचं तूप इथं एक होतं, त्याला इंग्रजीत नावसुद्धा आहे.

एके दुपारी एक म्हातारे इंग्रजीचे मास्तर डबा परत घेऊन आले. "हे निरवांगीचं नाही." मी ऐटीत खालचा शब्द दाखवला.

"ब्लेंड म्हणजे मिसळणं, बाळ. चहाची पत्ती मिसळतात, रंग मिसळतात. पण काय मिसळलं ते सांगायला नको?" मग डबा माझ्यापुढं सरकवत म्हणाले, "जुन्या इंग्रजीत असंच दुसरं क्रियापद होतं. त्याचा अर्थ आंधळं करणं."

मी मागच्या खोलीत गेलो. विलायती वनस्पती तुपाचे डबे छतापर्यंत रचलेले.

तात्यांना जाब विचारला, तर ते शांतपणे म्हणाले, "खोटं कुठं लिवलंय? मिसळलंय असंच लिवलंय की. आन् तुज्या आबास्नी इचार. त्यांस्नी पहिल्यापासनं ठावं हाय."

दुसऱ्या दिवशी गाव गाठलं. आबा गोठ्यात होते. "व्हय," ते म्हणाले. "तुला लिवाय शिकवलं ते कशापायी?"

आई लोणी कढवत होती. तिला सगळं सांगितलं.  कढईतच बघत ती हळू आवाजात म्हणाली, "त्यांच्याम्होरं बोलू नगंस. किती दिस ऱ्हानार हायस?"

पाहुण्याला विचारतात तसं. मी म्हटलं, "उद्या निघतो." ती थांब म्हणाली नाही.

तुम्ही गावी मागं राहिलेले विचारता, येत का नाहीस. तात्यांचं दुकान सोडून मी पुण्यातच एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत राहिलो. कुणी गाव विचारलं तर अजून निरवांगीच सांगतो. घर विचारलं तर माझ्या भाड्याच्या खोलीचा पत्ता देतो.