सिमिटाचं झबलं

नळाला पाणी होतं तोवर शेवंतीने पिंप भरून घेतलं, नवऱ्याचा डबा बांधला आणि राधाला मांडीवर घेऊन ओल्या फडक्याने पुसायला बसली. आंघोळ नव्हतीच. पावणेदोन वर्षांच्या राधाच्या अंगात काखेपासून कमरेखालपर्यंत प्लास्टर होतं. पोटापाशी वाटीएवढं भोक ठेवलेलं, जेवल्यावर पोट फुगायला जागा म्हणून. त्यातून बिस्किटाचा चुरा आत गेला की पोर दिवसभर किरकिरे. विक्रोळीच्या त्या चाळीतली मुलं तिच्या पाठीवर बोटाने टकटक करून बघत. शेजारची कमल त्याला सिमिटाचं झबलं म्हणे, आणि शेवंतीही हसे. हसून नाही घेतलं तर करायचं काय, दुसरं होतं काय हातात?

तेवढ्यात दारावर थाप पडली. दूध येऊन गेलं होतं, पेपर ते घेत नसत. चंद्रप्रकाशने शर्टाची बटणं लावत दार उघडलं, तर दारात त्याची आई. जानकीबाई गावच्या कुणाबरोबर तरी एसटीतून आल्या होत्या. हातात गाठोडं, डोळ्यांत झोप. राधाकडे बघताच त्या उंबऱ्यातच बसल्या.

"चेडवाक असा बांधून कित्याक ठेवलंय गे, शेवंते?"

"पाठ सरळ व्हायला, आई. पत्रात लिहिलं होतं ना यांनी."

पत्रात चंद्रप्रकाशने पाठीचं 'जरासं दुखणं' एवढंच लिहिलं होतं. जरासं नव्हतं ते. राधाचा फ्रॉक डाव्या खांद्यावरून सारखा घसरायचा. शेवंतीने आधी शिंप्याला नावं ठेवली, मग स्वतः टीप घातली, तरी घसरायचाच. एकदा पोर उघडी पालथी झोपली असताना तिला दिसलं की पाठीचा कणा मधोमध न जाता एका बाजूला वळून गेलाय. हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी एक्स-रेची फिल्म उजेडाला धरून दाखवली. म्हणाल्या, "हाडं कोवळी आहेत, आत्ताच वळवली तर वळतील. दर काही महिन्यांनी प्लास्टर बदलायचं. मध्ये अंग मोकळं सोडायचं नाही, एक दिवससुद्धा नाही." शेवंतीने विचारलं होतं, कशाने झालं? तर म्हणाल्या, "कशाने म्हणून सांगता येत नाही. तुमच्या हातून काही झालेलं नाही."

ते वाक्य तिने जपून घरी आणलं होतं. चंद्रप्रकाश त्या दिवशी कामावर होता. तिने त्याला सांगितलं, त्याने ऐकलं आणि भाताला हात घातला.

कारण घरात कारण ठरलेलं होतं. ऐंशी सालच्या त्या ग्रहणाच्या दुपारी अख्खी मुंबई दारं लावून बसली होती. शेवंतीला पाचवा महिना. बाळंतपणासाठी आधीच येऊन राहिलेल्या जानकीबाईंनी तिला चटईवर सरळ निजवलं. कापायचं नाही, चिरायचं नाही, हातपाय मुडपायचे नाहीत. पण ग्रहण सुटायला वेळ होता, पोटात कळ आली आणि ती कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेऊन पडली. घटकाभरच.

"गिराणात तू वाकडी निजलंस," जानकीबाई चहा पिता पिता म्हणाल्या, रागावून नव्हे, बाजारभाव सांगावा तसं. "मी बघितलंय. आता शिमग्याक देवाक गाराणा घालूक होया. तीर्थ चेडवाच्या पाठीक लागाक होया. सिमिटार शिंपडून काय होतला?"

"प्लास्टर काढायचं नाही, आई. डॉक्टरांनी बजावलंय."

"दोन दिसांची गोष्ट. मगे परत घाला."

शेवंतीने नवऱ्याकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. राधा प्लास्टरसकट पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा याच माणसाने सगळ्या मजल्यावर पेढे वाटले होते. पण आईपुढे त्याची जीभ टाळूला चिकटे.

"दोनच दिवस," तो म्हणाला. "शर्ट काढून परत घालण्यासारखंच ते."

"ते शर्ट नाहीये हो."

"मग काय करू? आई एवढ्या लांबून आलीय."

दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्यातून पत्रा कापायची कात्री आणली. राधाला कोमट पाण्याच्या घमेल्यात बसवून जानकीबाईंनी प्लास्टर भिजवलं आणि त्याने कडेकडेने कातरलं. आतली कातडी पांढरीफटक, पापुद्रे सुटलेले. जानकीबाईंनी खोबरेल चोळलं. पोर अशी खदखदून हसली की शेवंतीलाही राहवेना, तिनेही ती पाठ खाजवली, कुरवाळली. बरं वाटलं तिला. ते बरं वाटणं तिला पुढे फार दिवस खुपत राहिलं.

गावी गाऱ्हाणं झालं. सगळा गाव 'होय म्हाराजा' म्हणाला, तीर्थ पाठीवर पडलं. पण दोन दिवसांत कोण निघू देतंय? पालखी घरी यायची होती. मग राधाला ताप भरला, तापात प्रवास नको म्हणाले. परतल्यावर हॉस्पिटलात प्लास्टरचा नंबर चुकलेला. नवीन मिळाला तो पाडव्यानंतरचा. तोवर राधा मोकळी फिरली, चाळभर दुडदुडली. बघणारे म्हणत, बघा, देवाने ऐकलं. तिला उचलून घेताना शेवंतीच्या तळहाताला मात्र वेगळंच लागत होतं. ती कुणाला बोलली नाही.

डॉक्टरबाईंनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या. आधीची आणि आताची. चंद्रप्रकाश या खेपेला रजा टाकून आला होता. त्यालाही दिसलं. समजायला शिक्षण लागत नव्हतं, आताचा कणा जास्तच वाकला होता.

"कुणी काढलं प्लास्टर?"

चंद्रप्रकाश चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"घरी काढलं," शेवंती म्हणाली.

"मिळवलेलं सगळं गेलं. उलट वाढलंय. आता परत पहिल्यापासून, आणि किती दिवस ते मी सांगत नाही. पुढे ऑपरेशन टळेल असंही नाही सांगत. हे परत काढलंत, तर माझ्याकडे आणू नका."

राधा टेबलावर बसून डॉक्टरबाईंच्या पेनाचं टोपण चावत होती. बाहेरून नर्सने तिचं नाव पुकारलं, प्लास्टरची खोली तयार होती. चंद्रप्रकाशने तिला उचललं. तिने त्याच्या गळ्यात हात टाकला; अंग मोकळं असल्यामुळे पूर्ण वाकून टाकला.

"बाई, एक सांगायचं होतं," शेवंती म्हणाली. तो दाराकडे वळला होता, तिने त्याची बाही धरून थांबवलं. "मागे तुम्ही मला म्हणाला होतात, माझ्या हातून काही झालं नाही म्हणून. ग्रहणात मी कुशीवर निजले, त्याने हे झालं नाही, असं एकदा यांच्यासमोर सांगा. माझ्या तोंडून पटत नाही यांना. आणि पटलं नाही, तर हे नवीन प्लास्टरही काढतील."