राजाच्या बागेत आप्पा

आप्पा मेले. देवाघरी वगैरे लिहायला मला जमत नाही.

आज महिना झाला. फोनमध्ये त्यांचे फोटो शोधायला बसले, तर बरे फोटो सगळे एकाच दिवसाचे निघाले.
गेल्या हिवाळ्यातले. बडोद्याच्या राजाच्या बागेतले.

आमचं आयुष्य सुरतच्या लिंबायतमध्ये गेलं. सुरत सोडून गाडीत बसलो की ती अमळनेरकडेच. दुसऱ्या बाजूला आपलं गाव नाही, मग जायचं कशाला?
पण डॉक्टरांनी आप्पांचा छातीचा एक्स-रे बघितला आणि मला बाजूला घेतलं. त्याच रविवारी मी आईआप्पांना घेऊन बडोद्याची ट्रेन पकडली.

आप्पा गेटातच थांबले.
"इतली जागा एकच माणूसनी?"
"राजानी व्हती, आप्पा. आते सगळासनी."
"मंग हयूहयू देखू."

हळूहळूच बघावी लागली. वडांच्या सावलीतला लांब रस्ता, आणि आप्पा दर बाकावर टेकणार. आईचे गुडघे बोलायला लागले, ती मागच्या बाकावर राहिली.

थोडं पुढे जाऊन आप्पा वळले आणि आईशी बोलायला लागले.
आवाज न काढता. नुसते ओठ आणि हात.

लूमच्या कारखान्यात असंच बोलतात. मशीनच्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो, समोरच्याचे ओठ वाचायचे. आप्पा लूम चालवायचे, आई तिथेच कांड्यांवर सूत भरायची. त्यांचा अर्धा संसार असाच बोलून झाला.
आता आप्पांना दोन वाक्यांत धाप लागायची. या बोलण्यात श्वास वाचत होता.

मी धावत आईकडे गेले. "काय म्हणाले?"
"म्हणतस, राजाना बागमा लोके पयी काबर ऱ्हायनात? कोन मांगे लागेल शे?"
जॉगिंगवाल्यांबद्दल होतं ते.

तिथला वॉचमन मला हळूच म्हणाला, "बेन, बन्ने बोली नथी शकता?" बिचाऱ्याला वाटलं, दोघं मुके आहेत.
आप्पांनी उरलासुरला श्वास गोळा केला आणि लूमच्याही वर जाईल अशा आवाजात सांगितलं, "आवडे छे, भाई, बोलता आवडे छे."
म्हणजे, बोलता येतं. अख्खी बाग वळून बघायला लागली. त्यानंतर आप्पा बराच वेळ खोकत होते.

शेवटी दवाखान्यात त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता.
हात सुजलेले, सुया टोचलेल्या.
आप्पा मास्कच्या आत काहीतरी बोलत होते. आईकडे बघून.

"बेन, एकच मिनिट काढा ना," आई सिस्टरला म्हणाली.
"माजी, नहीं निकाल सकते."
सिस्टरचं चुकलं नाही.

आई पलंगाच्या या बाजूने वाकून बघायची, मग त्या बाजूने. मास्कवर वाफ धरलेली. ओठ दिसतच नव्हते.
मी कान लावला. आवाज नव्हताच. ते माझ्याशी बोलतच नव्हते.

मग आईने मान डोलावली, कळलं म्हणून.
आप्पांनी डोळे मिटले.

आता ती रोज भाकरी थापता थापता मला विचारते, "तुले काय वाटस, काय सांगत व्हतात ते?"
मी काहीतरी सांगते. तिला पटत नाही.

आप्पा, तिला एक शब्दही कळला नव्हता.
तुम्हाला ते कळलं नाही, तेवढं बरं झालं.

नमस्कार, आप्पा.