टांगत्या बागेतला पिंपळ

कल्याणला एस.टी.तून उतरलो आणि शेअर रिक्षात अंग चोरून उल्हासनगरला निघालो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी धाकटी बहीण कुंदा कॅम्प नंबर तीनमधल्या एका सात मजली इमारतीत राहायची. तिचा फोन आला होता: "दादा, वरच्या गॅलरीत पिंपळ उगवलाय. त्याच्या मुळांनी माझ्या स्वयंपाकघराचं छत फुटतंय. पावसाळ्याआधी उपटायला हवा, पण इथे कुणी हातच लावत नाही." असले शहाणे बघायला मी मुद्दाम रजा काढली होती.

जीन्स धुऊन आलेल्या निळ्या पाण्याचा नाला ओलांडला आणि ते आश्चर्य दिसलं. 'प्रत्येक मजल्यावर टांगती बाग' असं बिल्डरने जाहिरातीत छापलं होतं. दर गॅलरीच्या कठड्याला सिमेंटचा लांबट हौद, त्यात चार घमेली माती आणि खाली सोडायच्या वेली. नळाला पाणी मात्र दिवसाआड, तेही करंगळीएवढं. वेली पहिल्याच उन्हाळ्यात वारल्या. आता हौदांत गंजके डबे होते आणि वरून ओल्या जीन्स लोंबत होत्या. बडा घर पोकळ वासा!

लिफ्ट बंद. धापा टाकत वर पोचलो, तर कुंदाच्या ओट्यावर गळतीखाली पातेलं मांडलेलं.

"काल इथेच ढलपा पडला, दादा. नशीब, माझी पिंकी शाळेत होती."

वरच्या मजल्यावरच्या सिंधी आंटी स्वभावाने फार प्रेमळ. आम्ही दोघं वर गेलो, तर त्यांनी आधी दालपकवान (डाळ आणि मैद्याची कडक पुरी) खायला घातलं, मग पिंपळ दाखवला. हौदाच्या फटीत हातभर वाढलेला, कुंकू लावलेला, दोरा गुंडाळलेला. वेलींना जे पाणी कुणी दिलं नाही, ते याला दर शनिवारी सगळ्या इमारतीतल्या बायका आणून घालत. तेच कुंदाच्या छतात मुरत होतं.

"पीपल उखाडेगा कौन, भाऊ? पाप लगेगा," आंटी म्हणाल्या.

"आणि छत पडलं तर?"

"भगवान है ना."

धन्य! बांधताना बिल्डरने सिमेंट वाचवलं आणि आता छत सावरायला देवाला जुंपलंय.

मी तावातावाने बाह्या सरसावून बुंधा धरला. आणि हात हलेना. आईने लहानपणी सांगितलेला पिंपळावरचा मुंजा ऐन वेळी आठवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सर बाजूला," कुंदा म्हणाली. तिने झाडाला वाकून नमस्कार केला. "माझी पोर खाली जेवायला बसते रे बाबा," म्हणाली आणि दोन्ही हातांनी ते मुळासकट ओढून काढलं. हौदाचा तडकलेला कोपराही बरोबर निघाला. आंटी रडू लागल्या. कुंदाही रडली.

झाड मारायचं नव्हतं, म्हणून लावायला खाली उतरलो. इमारतीला फेरी घातली: फरशी, गटार, दुकानं, पुन्हा फरशी. बागेच्या इमारतीखाली ओंजळभर मातीची जागा मोकळी नव्हती.

"गावी घेऊन जा," कुंदा म्हणाली.

ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन मी ते एस.टी.तून आणलं. ओढ्याकाठी खड्डा खणला, पाणी घातलं. गावातले लोक विचारत राहिले, एवढ्या लांबून झाड आणलंस? मी काय सांगणार? झाडाला तिथून सोडवून आणलं होतं आणि बहिणीला त्याच छताखाली ठेवून आलो होतो.