रशीदचाचांचे जिवाणू

आमच्या लॅबमध्ये काम फारसं पुढे सरकत नाही, किस्से मात्र साठत जातात. माणसाच्या आतड्यात भाकरीतला कोंडा पचवणारे जिवाणू असतात, ते आम्ही शोधतो. हवा लागली की ते मरतात. आणि ते मिळवायचे कशातून, हे जेवताना विचारू नका!

करमाड गावात पहिल्यांदा नमुन्याचे डबे वाटले, तेव्हा एका काकूंनी आमचा डबा आधी फिनाइलनं घासला, उन्हात वाळवला आणि मगच नमुना दिला. का, तर शहरात जाणार, लोक काय म्हणतील! त्यात जिवंत काहीच सापडलं नाही. काकूंना आम्ही रिपोर्ट छान आहे म्हणून सांगितलं.

आमच्या प्रमुख सुलभा मॅडमना मात्र खोटं बोलता येत नाही. एकदा मांडीवर डबा घेऊन आम्ही दोघी रिक्षातून येत होतो. डब्यात काय, असं रिक्षावाल्यानं विचारलं आणि मॅडमनी खरं ते सांगितलं. त्यानं रिक्षा बाजूला घेतली. आता उतरवतो, असं मला वाटलं. तर तो वळून हळूच म्हणाला, "मॅडम, मेरा भी चेक करते क्या?"

रशीदचाचा करमाडचेच शेतकरी, पंचाहत्तरीचे. जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्लेली. त्यांच्या नमुन्यात असे जिवाणू निघाले, की कोंडा घातला की दोन दिवसांत फस्त! दुसऱ्या कुणाकडेच ते सापडले नव्हते. आठ महिने मी ते हवाबंद नळीत जपले. माझ्या जेवणाच्या डब्यापेक्षा या जिवाणूंच्या खाण्याची काळजी जास्त, असं नवरा चिडवायचा.

मग एक दिवस चाचा ते बघायला आले. मी बंद नळी त्यांच्या हातात दिली. धान्य वासावरून पारखणारा माणूस, म्हणाले वास घेऊन बघतो. नळी उघडू नये, ही पाटी भिंतीवर मीच लावलेली. तरी मी बूच काढलं. घरी आल्यासारखे आलेले, त्यांना नाही कसं म्हणायचं? चाचा नळी धरून शेताबद्दल बोलत राहिले आणि ती मला त्यांच्या हातातून काढून घेववेना. हवा शिरली की आतलं पाणी गुलाबी होतं. ते झालं.

चाचा खूश. "रंग लई छान आला, बेटी."

राखीव नळी फ्रीझरमध्ये होती, त्यातले पुन्हा वाढलेच नाहीत. नवा नमुना मागायला करमाडला गेले, तर चाचा दवाखान्यात. आतड्याचं ऑपरेशन झालेलं, अँटिबायोटिक सुरू. म्हणजे पोटातलेही बहुधा गेले. मला स्वतःची फार लाज वाटली, अजून वाटते. त्यांना खरं सांगायचं धाडस काही झालं नाही.

मागच्या महिन्यात चाचा काठी टेकत लॅबमध्ये आले. नळीतले सगळे बरे आहेत ना, विचारलं. मी हो म्हणाले. त्यांनी फडक्यात बांधलेल्या चार भाकरी टेबलावर ठेवल्या.

"मला डॉक्टरनं भाकर बंद केली. त्यांना तरी खाऊ घाल."