भामाबाईची विलायती मेंदी

आटपाडीच्या भामाबाईला उलट बोलल्याबिगर घास गिळत न्हाई. त्र्याण्णव सालच्या दिवाळीत ती लेकीच्या बाळंतपणाला साताऱ्याला गेली. शेजारी हंबीरराव, पेन्शनीत आलेले सुभेदार. त्यांच्या कुंपणाला विलायती मेंदी. हाताला लावायची न्हवं बरं का. ही बारीक पानाची, पांढऱ्या फुलाची. पान चुरगाळलं की नाक मोकळं. सुभेदार पाल्याच्या काढ्यानं गुळण्या करायचे, वाफ घ्यायचे.

भामाबाईला आठवला नवरा. नानासोनं जन्मभर मेंढरं कातरली, आता छातीत धाप बसलेली. दवाखान्याच्या गोळ्यांनी झोप यायची, दम काय जायचा न्हाई.

सुभेदारांनी मुळं धरलेली फांदी डब्यात लावून दिली. "भामाताई, खत बेतानं घाला. नाजूक जात हाय."

एस्टीत तिनं डबा मांडीवर घेतला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्याचं अर्धं तिकीट फाडू?"

"फाड की. तुझ्यापेक्षा शाणं हाय, गप बसलंय."

दारात रोप लावलं, भवती बाभळीचा काटा. नवी पालवी आली तशी ती पानं खुडून वाफ द्याय लागली. नानासो कधी न्हवं ते पाठ टेकून निजला.

"माझ्यापेक्षा त्येचेच लाड लय," तो म्हणायचा.

"ते कुरकुरत न्हाई."

उन्हाळा लागला. टँकर कधी यायचा, कधी न्हाई. धाप वाढली, पाला पुरंना. मेंढरं रानात बसली की पीक डुलतं, हे धनगराच्या लेकीला कुणी शिकवायचं? फौजीला लेंडीखत काय कळतंय? खत मुरू द्यायला सवड कुठं होती! मेंढरांच्या वाड्यातल्या ताज्या लेंड्या तिनं पाटीभर बुंध्याला ओतल्या. पाणी अर्धा तांब्या. खत तापलं, मुळं भाजली, पाला करपून गळला. गळलेली पानं बी तिनं वेचून उकळली. ती बी सरली.

एक दिवस सकाळी नानासोला बोलाय बी येईना. वाफ दे, अशी खूण केली. भामाबाईनं नुसतंच पाणी उकळलं, पातेलं म्होरं ठेवून त्याच्या डोक्यावर वाकळ टाकली.

आत बराच वेळ नुसती घरघर. मग आवाज आला, "पाला घातलास न्हवं?"

"घातलाय की."

"व्हय. वास येतोय."

त्याच्या बाजेवरनं दार दिसायचं, दारातली ती वाळली काडी बी दिसायची.  भामाबाई वाकळंची कड दाबून बसली, वाफ बाहेर जाऊ न्हाई म्हणून.