व्हॅनमधली दुसरी बॅटरी
चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा आंबट, नाकाला झोंबणारा वास आला की मला पूर्णा गावातलं ते गोडाऊन आठवतं. तिथल्या काचा धुवायचं काम मी घेतलं होतं, आणि पहिल्याच दिवशी सुपरवायझरने माझ्या पंपाची पिन बोर्डातून ओढून काढली. "आमच्या लाईटवर तुमचा पंप न्हाय चालणार, बाई." मी पाइप गुंडाळला, व्हॅन काढली आणि तडक जवळच्या कामतघरचं बॅटरीचं दुकान गाठलं. इन्व्हर्टर आणि त्याची मोठी बॅटरी मागितली, तसा दुकानदार हसला. "ये तो घर में लगती है, गाडी में कौन डालता है?" "मैं डालूंगी," म्हटलं. गाडी स्टार्ट करायची बॅटरी पंपाला जोडली तर लगेच बसते. मला दिवसभर टिकणारी हवी होती. शुक्रवारी, आजूबाजूचे कापडाचे लूम बंद आणि लाईटही गेलेली असताना, मी त्याच गोडाऊनच्या काचा धुवत होते. सगळीकडे शांतता, फक्त व्हॅनमध्ये बसवलेल्या नव्या बॅटरीवर माझा पंप घुमत होता. तेवढ्यात तोच सुपरवायझर बंद पडलेला मोबाइल घेऊन आला. "ताई, जरा चार्जिंगला लावता का?" मी मोबाइल लावला आणि पाइप त्याच्या हातात दिला. "चार्ज होईपर्यंत हा धरा." त्याने धरला. आजही मी कुठल्याच गेटवर पिन लावायचा बोर्ड कुठे आहे ते विचारत नाही.