उलथणं, चावा आणि तीन प्लेअर

चार फटके खाल्ल्याशिवाय यंत्र सरळ येत नाही, अशी तरुणपणी माझी ठाम समजूत होती. रेडिओला मी डोक्यात मारायची, टीव्हीला कुशीत, कूलरला चपलेने. पोरांना कुठे मारायची ते विचारू नका, त्यांना अजून आठवतं. जयपूरच्या रेल्वे क्वार्टरमधून धाडधाड आवाज सुरू झाला की शेजारीण खिडकीतून ओरडायची, "भाभीजी, आज टीवी खराब है या बेटा?"

आता बनी पार्कात मुलाकडे राहते. बहात्तरी उलटली, मनगटं गेली. माशी मारायला हात उचलला तर माशीच वाट बघत बसते. तरी परवा नातीच्या कॉम्प्युटरला मी एक सणसणीत लगावली. कारण तसंच होतं. माझ्या खरेपणाचा पुरावा त्याच्या पोटात होता आणि तो काही केल्या बाहेर काढत नव्हता.

गोष्ट अशी. नातीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. पोरगी जन्मली जयपूरला, बोलते निम्मं हिंदी, पण हट्ट असा की लग्नात भुसावळसारखे खापरावरचे मांडे हवेत. मांडा म्हणजे काही पोळपाटावर लाटायची पुरणपोळी नव्हे. सैल कणकेचा पुरण भरलेला गोळा दोन्ही तळहातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा, रुमालासारखा झाला की चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद टाकायचा. माझ्या हातांनी आता चहाचा कप धरवत नाही. आमच्यात हे येणारी एकच बाई उरली होती, भुसावळची माझी धाकटी जाऊ. आणि तिच्याशी मी सव्वीस वर्षं बोलले नव्हते.

नातीने मला न विचारता तिला फोन लावला. जाऊ म्हणाली, "येईन की. मांडेही करीन. फक्त तुझ्या आजीला म्हणावं, आधी कोणी मारलं ते एकदा तोंडाने बोल."

"आजी," नात माझ्याकडे बघत म्हणाली, "मतलब तू तिला सच में मारलं होतंस?"

"तिने मला मारलं होतं," मी बाही वर करून उजव्या हाताचा व्रण दाखवला. अर्धचंद्रासारखे दातांचे ठसे, आज इतक्या वर्षांनीही मोजता येतात. "आधी ती चावली. मग मी हात सोडवायला गेले आणि उलथणं चुकून तिच्या तोंडावर लागलं."

"और तिला कुठे लागलं?"

"दात पडला म्हणे एक. पुढचा."

हे सगळं माझ्या मुलीच्या लग्नात झालं होतं. तेव्हाची मी म्हणजे ठुशी घालून हिंडणारा फौजदार. फुग्यांच्या बाह्यांचं पोलकं, कमरेला खोचलेला पदर, हातात उलथणं. सगळ्या लग्नाचा भार आपल्याच खांद्यावर आहे अशी चाल. जाऊ भुसावळहून मांडीवर खापर घेऊन गाडीने आली होती. रात्रभर पाय हलवले नाहीत म्हणे. तिचे मांडे बघायला वरपक्षाच्या बायका चुलीभोवती गोळा झाल्या. लग्नाचं शूटिंग करणारा जयपूरचाच. त्याने उघड्या हातावर वाढत जाणारी पोळी जन्मात पाहिली नव्हती. "वाह चाचीजी!" करत तो लग्न सोडून चुलीपाशीच उभा राहिला. वधूची आई मी, आणि कॅमेरा तिच्यावर! माझ्या पोटात चुलीहून मोठा जाळ झाला. तेवढ्यात ती हसून म्हणाली, "ताई, पुरण जरा सैल झालंय हो तुमचं." चार बायका हसल्या. त्यानंतर खापर फुटलं, उलथणं चाललं, दात चालले.

त्याच संध्याकाळी सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर माझ्या नवऱ्याने साक्ष दिली, "माझ्या डोळ्यांदेखत झालं. आधी ती चावली." माझा दीर म्हणाला, "दादा, माझी बायको खोटं बोलत नाही." नवरा म्हणाला, "मग मी बोलतो का?" दिराने बायकोच्या तोंडाला टॉवेल बांधला आणि जेवल्याशिवाय तिला घेऊन स्टेशनची वाट धरली. सख्खे भाऊ पुन्हा भेटले नाहीत. माझा नवरा गेला तेव्हा दीर आला नाही. वर्षाच्या आत तोही गेला.

"त्या वेळची कॅसेट असेल ना?" नात म्हणाली.

होती. नवरा नेहमी म्हणायचा, बुरशी लागलीय, चालत नाही. तो गेल्यावर मुलाने ती एका दुकानात देऊन तिची फाईल करून आणली होती. ती तशीच पडून होती. माझं तर समाधानच झालं. म्हटलं, तोंडाने कशाला बोलू? सिनेमाच पाठवते तिला. बघ म्हणावं स्वतःचे दात.

सांगानेरी छापाचं फडकं काढून नातीने कॉम्प्युटर सुरू केला. पहिला प्लेअर त्याच्याबरोबरच आलेला. मी त्याला सरकारी बाबू नाव ठेवलं. फाईल दिली, त्याने बराच वेळ विचार केला, मग चित्र दाखवता येणार नाही असं कळवून नुसता आवाज सोडला. काळा पडदा आणि आत माझा सव्वीस वर्षांपूर्वीचा कोंबडीसारखा किनरा आवाज: "कोणाचं पुरण सैल?" मग खाडकन खापर फुटल्याचा आवाज. मग माझी किंकाळी, "आई गं!" आणि त्यानंतर, नीट ऐका, त्यानंतर, ठक्. मग जावेचा हंबरडा.

"ऐकलंस?" मी खुर्चीतून जवळजवळ उठलेच. "आधी मी ओरडले. म्हणजे आधी ती चावली. ठक् नंतर आहे!"

"आजी, दिसत तर काहीच नाही."

"कानाने ऐकलेलं कोर्टात चालतं."

इथेच मी बाबूला ती सणसणीत लगावली, चित्र दाखव म्हणून. त्याने दाखवलं नाही. माझा हात मात्र दिवसभर ठणकला.

नातीने दुसरा प्लेअर उतरवून घेतला. हा भलताच चकचकीत, नवरदेवाच्या घोडीसारखा. पाच वेळा विचारलं की आमचा भारीतला घ्या, दोनदा भलत्याच जाहिराती दाखवल्या, पण शेवटी चित्र दाखवलं. सगळी माणसं आडवी पसरलेली. मी तशीही आडवीच होते, त्यामुळे माझ्यात फारसा फरक वाटला नाही. बोलणं मागे, तोंडं पुढे. खापराचे तुकडे आधी उडाले, आवाज सावकाश आला. आणि नेमक्या त्या जागी चित्र अडकलं, थरथरलं आणि उडी मारून पुढे गेलं. आधी आम्ही दोघी समोरासमोर उभ्या, फुटलेलं खापर मध्ये. उडीनंतर माझा हात तिच्या दातांत.

मी टाळी वाजवली. वाजवताना मनगट दुखलं, तरी वाजवली. "दोन साक्षीदार झाले! एक कानाचा, एक डोळ्याचा. पाठव तिला."

नात मात्र कपाळाला आठ्या घालून बसली. दिवसभर हेच काम करते ती, तिला फसवणं अवघड. "आजी, हा बीचचं खातोय. फाईलला तिथे मार बसलाय. हा प्लेअर खराब भाग सोडून देतो, पहिल्याला तर चित्र खोलतासुद्धा येत नाही. एक तिसरा आहे. तो तुटकं-फुटकं सगळं चालवतो, और एकेक चित्र थांबवून दाखवतो."

"दोन पुरेत की गं."

"का? घाबरलीस?"

माझ्याच रक्ताची. खोट काढायला बरोब्बर जागा सापडते.

तिसऱ्याला मी कसाई म्हणते. दिसायला ओबडधोबड, ना नखरा ना जाहिरात. आला, फाईल घेतली आणि मांडली. एक बटण दाबलं की एक चित्र. पुन्हा दाबलं की पुढचं. डोळ्याचं पातं लवतं तेवढ्या वेळाचे त्याने पापुद्र्यासारखे तुकडे करून माझ्यासमोर ठेवले.

एक. मी जावेचा हात झटकतेय. तिच्या कोपरापर्यंत पसरलेला मांडा फाटतोय.

पुढचं. माझं कोपर खापराला लागतंय. ते तिने नाही, मी पाडलं.

पुढचं. तापलेला तुकडा माझ्या दंडाला चिकटतो, आणि माझं तोंड हे एवढं उघडं. तीच ती किंकाळी. ती चाव्याची नव्हती, चटक्याची होती.

पुढे जाऊ वाकलीय. मारायला नव्हे, रात्रभर मांडीवर आणलेल्या खापराचे तुकडे उचलायला. तोंड वर करून काहीतरी म्हणतेय. आणि माझा उजवा हात वर. उलथणं डोक्याच्याही वर. नात बटण दाबत गेली आणि ते उलथणं इंचाइंचाने खाली येत राहिलं. चुकून लागणारा हात असा येत नाही. लाकूड फोडणारा येतो. फौजदारीणबाईंच्या तोंडावर राग नव्हता, ते मला सर्वांत वाईट वाटलं. चक्क आनंद होता. मग तिचं डोकं मागे गेलं, ओठ फाटला, रक्ताचा थेंब हवेत असतानाच मी दुसऱ्यांदा हात उचलला, आणि तो दुसरा घाव अडवायला तिने, हात पदरातल्या तुकड्यांत अडकले होते म्हणून, दातांनी माझा हात धरला.

"आजी..." नात एवढंच म्हणाली.

मी खरं सांगते, मला ते आठवतच नव्हतं. इतकी वर्षं मी व्रण दाखवत हिंडले, आणि दाखवता दाखवता माझाच विश्वास बसला होता. पण पडद्यावर बोट ठेवून मी नातीला म्हटलं, "थांब. मागे जा. दारात बघ."

दारात माझा नवरा होता. हातात पानाचं तबक. पहिल्या चित्रापासून तिथेच उभा. खापर पडताना त्याची नजर खापरावर, उलथणं वर गेलं तेव्हा उलथण्यावर. त्याने सगळं पाहिलं होतं. सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर तो माझ्यासाठी खोटं बोलला, त्यापायी सख्खा भाऊ तोडला, आणि घरातल्या कॅसेटला आयुष्यभर बुरशी लावून ठेवली. मला एका शब्दाने बोलला नाही. दिवाळीला फराळाचं ताट समोर आलं की भुसावळच्या दिशेने तोंड करून बसायचा, तेव्हा मी म्हणायची, पंख्याचं वारं तिकडे लागतं वाटतं यांना! काय बाई होते मी. त्या बाईच्या तोंडात एक ठेवून द्यावीशी वाटली. पण ती पडद्याच्या आत, हात पोचेना.

नात हळूच म्हणाली, "आजी, बोलशील तर आजोबांना कापून टाकते. नुसती तुम्ही दोघी दिसाल. मतलब, तुझी चूक दिसेल, त्यांची नाही."

मोह झाला. खोटं सांगत नाही, चांगला घटकाभर झाला. मग मी फोन मागितला.

"मी बोलतेय."

"कळलं," जाऊ म्हणाली. आवाज तोच, फक्त दातांतून हवा जात होती.

"आधी मी मारलं. दुसऱ्यांदाही मीच मारणार होते."

ती म्हणाली, "आणखी काय?"

"ते फोनवर नाही सांगता येत. ये आणि बघ."

लग्नाच्या आदल्या दिवशी आली. स्टेशन जवळच, तरी रिक्षातून उतरली ती मांडीवरचं नवं खापर दोन्ही हातांनी धरून. पाणी नको म्हणाली, चहा नको म्हणाली. "आधी ते दाखव." नातीने कसाई उघडला. जावेने नातीचा हात बाजूला सारून बटणावर स्वतःचं बोट ठेवलं आणि एकेक चित्र दाबत गेली. स्वतःचा दात पडताना पाहिला, पापणी हलली नाही. मग मी म्हटलं, "दारात बघ."

तिने पाहिलं. मागे गेली, पुढे आली, पुन्हा पाहिलं. मग खुर्ची सरकवून उठली आणि माझ्या कानफटात अशी वाजवली की माझी वरची कवळी तोंडातून सुटून टाळासारखी वाजत कळफलकावर पडली. नात किंचाळली. सून स्वयंपाकघरातून धावत आली. मी हात वर केला नाही. मनगटं गेलीत म्हणून नव्हे.

"दाताशी दात," मी बोळक्या तोंडाने म्हणाले. "फिटलं?"

"दाताचं मी केव्हाच सोडून दिलं होतं," ती धापा टाकत म्हणाली. "ही आमच्या ह्यांच्यासाठी. शेवटच्या दुखण्यात विचारत होते, 'दादा खोटं कसं बोलेल? मग तूच चावलीस का आधी?' मरताना माणूस माझ्यावर संशय घेऊन गेलं."

मी कवळी शोधायला कळफलकाकडे वळले.

कवळी पडली ती नेमकी त्या बटणावर. पडद्यावर चित्र एक पाऊल पुढे सरकलं होतं. माझा नवरा मान खाली घालून तबकातली पानं बघत होता. जावेने ते बघितलं, मीही बघितलं. तिने पदराने कवळी पुसली, माझ्या हातात दिली आणि खापर उचलून स्वयंपाकघराकडे निघाली.

दारातून म्हणाली, "पुरण कोणी शिजवलंय?"

"सुनेने."

"मग बरं आहे."